कोणाले सांगतलं तू?

प्रेरणा कूलरचं जुनं गवत काढून नवं भरत होती, तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. उन्हाळ्याच्या तोंडावर मोटरपंपांच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसायची. दुपारचं जेवणही तिचा नवरा स्वप्निल काउंटरमागे उभ्याउभ्या डब्यातच उरकायचा. आज मात्र तो भर दुपारी घरी आला होता. चपला कशाबशा काढून तो सरळ आतल्या खोलीत गेला आणि तिथूनच म्हणाला, "इकडे ये."

ती ओले हात ओढणीला पुसत आत गेली. त्याने दार लोटून कडी घातली.

"कोणाले सांगतलं तू?"

"काय सांगतलं?"

"उगाच भोळी बनू नको. आपल्या दोघांतलं. कैलासदादाले सगळं माहीत आहे. दुकानात चार मानसांसमोर हसला थो माह्यावर."

दोघांतलं म्हणजे कुठलं, हे विचारायची गरजच नव्हती. दोघांतलं असं एकच होतं.

लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत घरचे थांबा-थांबा म्हणत होते, मग घाई करू लागले, मग गप्प झाले. शेवटी दोघं नागपूरला एका डॉक्टरकडे गेले. दोघांच्याही तपासण्या झाल्या. प्रेरणात काही निघालं नाही. स्वप्निलच्या वीर्यात शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. डॉक्टर समजावून सांगत होते आणि स्वप्निल त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसला होता. परतीच्या वाटेवर सेलूच्या अलीकडे त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. "प्रेरणा, हे कोणालेच सांगू नको. माह्या आईले नाई, तुह्या आईले बी नाई. मी मान वर करून चालू नाई शकणार," तो म्हणाला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शब्द दिला. तेव्हा तिला तो शब्द जड वाटला नव्हता. नवऱ्यासाठी एवढं करायचं नाही तर कुणासाठी, असंच वाटलं होतं.

जड तो पुढे होत गेला. वर्ध्यालगत बोरगाव मेघेच्या सासरच्या घरात दोष कुणाचा हे कुणी विचारलंच नाही. तो आपोआप तिच्याच नावावर गेला. सासूबाई आनंदाबाई तशा मायाळू, पण कुठून कुठून चूर्णं आणून तिला मधात कालवून द्यायच्या. ती निमूट घ्यायची. शेजारी डोहाळजेवण असलं की तिला बोलवायचं की नाही, यावर बायका दारातच कुजबुजायच्या. एकदा एका ओटीभरणाला ती ताट घेऊन पुढे झाली, तर एका म्हातारीने हळूच तिचा दंड धरून तिला मागे घेतलं. स्वप्निल त्या दिवशी मांडवातच होता. त्याने पाहिलं आणि तोंड फिरवून आइस्क्रीमवाल्याशी बोलायला लागला. रात्री तिला म्हणाला, "तू लय मोठ्या मनाची आहे." तेवढ्यावर ती आणखी वर्षभर निभावून नेई.

आणि आज तो विचारत होता, कोणाले सांगतलं.

"मी कोणालेच नाई सांगतलं," ती म्हणाली. "माह्या आईले बी नाई. तुमची शपथ."

"मंग दादाले काय स्वप्न पडलं? मोहिनीवहिनीसोबत तुह्या रोज गप्पा चालते. तिच्याच जवळ बोलली असशीन."

कैलास हा स्वप्निलचा चुलत भाऊ. वयाने मोठा, दुकानात अर्ध्याचा भागीदार. त्याची बायको मोहिनी गल्लीच्या पलीकडच्या टोकाला राहायची आणि प्रेरणाची एवढीच काय ती मैत्रीण.

"मोहिनीवहिनींजवळ मी भाजीचं बोलते, कॉलेजचं बोलते. हे नाई बोलली. कधीच नाई."

"खोटं बोलून राह्यली तू."

त्याने कडी काढली आणि तो पाणीसुद्धा न पिता निघून गेला. प्रेरणा खोलीत तशीच उभी राहिली. एवढ्या वर्षांत लोकांनी तिला काय काय म्हटलं होतं, पण खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं. ते पहिल्यांदा म्हणणारा माणूस तो होता, ज्याच्यासाठी ती रोज खोटं बोलत आली होती.

त्या दिवसापासून स्वप्निल बाहेरच्या खोलीत झोपू लागला. विचारलं तेवढंच बोलायचा. आणखी एक गोष्ट घडली जी प्रेरणाला उमगेना. सासूबाईही बदलल्या. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना त्या तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आपल्यात कमी असली म्हनून मानसानं दुसऱ्यात शोधू नये." हे कुणाला उद्देशून होतं, कशाबद्दल होतं, तिला काही कळलं नाही. सासरे अण्णाजी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले. तिने सासूबाईंना विचारलंही, "आई, माह्यं काही चुकलं का?" तर त्या "मले काय विचारतं बाई, तुले माहीत," म्हणून आत गेल्या.

दोन-चार दिवस तिने स्वतःचीच झडती घेतली. कधी बोलताना काही निसटलं का? डॉक्टरचे कागद तर तिने तेव्हाच फाडून टाकले होते. शेवटी न राहवून ती मोहिनीकडे गेली. मोहिनी गॅससमोर उभी राहून पोहे परतत होती. प्रेरणाने आडून आडून विचारलं, "वहिनी, भाऊजी घरी काही बोलले का हो? आमच्याबद्दल?"

मोहिनीने गॅस बारीक केला. "थे होय? अव, दुकानातल्या कॉम्प्युटरवर कसल्या कसल्या जाहिराती येऊन राह्यल्या म्हने. बाप्यांच्या इलाजाच्या. वंध्यत्व, शुक्राणू वाढवा, असं काईबाई. हे बिल काढाले बसले, बाजूले क्रिकेटचा स्कोर उघडला, तर तिथंबी थेच. बातम्या उघडल्या, तिथंबी थेच. मंग यांनी स्वप्निलभाऊजीची मजाक केली, का बे, तुह्यासाठी तर नाई येऊन राह्यल्या? तेवढंच. यांची सवय तुले माहीत आहे."

"मंग यावर आमचे हे काय म्हणाले?"

मोहिनीने कढईत उलथनं फिरवलं, पुन्हा फिरवलं. "मले काय मालूम," ती म्हणाली. "तू पोहे खाशीन ना?"

ती काहीतरी गिळून गेली हे प्रेरणाला दिसलं. पण त्या क्षणी तिच्या मनात दुसरंच वादळ उठलं होतं. जाहिराती! म्हणजे कुणी सांगितलंच नव्हतं. कैलासला काही ठाऊकच नव्हतं, त्याने फक्त समोर दिसलेल्या जाहिरातीवरून चेष्टा केली होती. मग त्या जाहिराती आल्या कुठून?

ती वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. दुसऱ्या दिवशी वाचनालयात गर्दी ओसरल्यावर तिने आकांक्षाला थांबवून घेतलं. आकांक्षा कॉम्प्युटर शिकवायची, वयाने लहान, बोलायला मोकळी. प्रेरणाने नाव-गाव न सांगता विचारलं, "एखाद्या कॉम्प्युटरवर एकाच आजाराच्या जाहिराती सारख्या येत राह्यल्या, तर त्याचा अर्थ काय?"

"अर्थ सरळ आहे ताई. त्या कॉम्प्युटरवर कोणीतरी त्या आजाराबद्दल बघितलं आहे."

"पण जाहिराती दुसऱ्याच साइटवर येतात. क्रिकेटच्या, बातम्यांच्या."

"तीच तर गंमत आहे. बसा, दाखवते."

आकांक्षाने वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर एक बातम्यांची साइट उघडली. पानभर जाहिराती भिरभिरत होत्या. "तुम्हाला वाटतं, आपण एक पान उघडलं. पण त्या पानाच्या पाठोपाठ डझनभर कंपन्या गुपचूप आत येतात. त्यांना ट्रॅकर म्हणतात. त्या तुमच्या ब्राउजरमध्ये आपली एक खूण ठेवून जातात. मग तुम्ही दुसऱ्या साइटवर गेलात, तिथे त्याच कंपन्या बसलेल्या असतात. खूण बघितली की त्यांना कळतं, हा तोच, जो काल अमुक आजाराबद्दल वाचत होता. की लगेच तीच जाहिरात समोर."

"आणि हिस्ट्री पुसून टाकली तर?"

"सगळे तेच करतात," आकांक्षा हसली. "हिस्ट्री पुसली की फक्त आपल्याला दिसत नाही आपण कुठे गेलो होतो. त्यांनी ठेवलेल्या खुणा जागच्या जागी. त्या वेगळ्या पुसाव्या लागतात. आणि पुन्हा ठेवू द्यायच्या नसतील तर दारातच अडवायचं."

तिने ब्राउजरमध्ये एक छोटंसं एक्स्टेंशन, म्हणजे ट्रॅकर अडवणारं जोडसाधन, टाकलं. फुकट होतं, दोन क्लिकचं काम. वरच्या कोपऱ्यात ढालीसारखं एक चिन्ह आलं. तिने तेच बातम्यांचं पान पुन्हा उघडलं. ढालीवरचा आकडा भराभर वाढत गेला आणि जाहिरातींच्या जागी पांढरे कोरे चौकोन राहिले. चिन्हावर क्लिक केल्यावर अडवलेल्या कंपन्यांची नावं खाली उलगडली. एकही नाव प्रेरणाच्या ओळखीचं नव्हतं.

"हे सगळे आत्तापर्यंत इथं बसले होते?" तिने विचारलं.

"रोज. तुम्ही वाचत होता, ते तुम्हाला वाचत होते."

प्रेरणा घरी जाताना ऑटोत बसली तेव्हा तिला अनेक दिवसांनी हलकं वाटत होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरला तिने आजवर हातही लावला नव्हता. कैलासला स्वतःची दोन मुलं होती, त्याला असलं काही बघायची गरज नव्हती. राहिला स्वप्निल. त्यानेच दुपारच्या वेळी काउंटरमागे बसून चोरून वाचलं असणार, हिस्ट्री पुसली असणार आणि निर्धास्त झाला असणार. त्याचं गुपित त्याच्याच हातून फुटलं होतं. तिला त्याचा राग आला नाही. उलट वाटलं, आता दाखवून दिलं की तो वरमेल, माफी मागेल आणि ही आठवड्याची अढी निघून जाईल. कॉलेजची पायरी उतरतानाच तिने मनात ठरवलं होतं की त्याने माफी मागितली तर फार ताणायचं नाही.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ती कॉलेजातून परस्पर दुकानात गेली. शटर अर्धं खाली होतं. आत स्वप्निल एकटाच नव्या मोटारींची खोकी रचत होता. तिला बघून तो दचकला.

"काय झालं? इथं काऊन आली?"

"पाच मिनिटं कॉम्प्युटरवर बसा माह्यासोबत. तुम्ही विचारलं होतं ना, कोणाले सांगतलं. थे दाखवते."

तो कुरकुरला, पण बसला. तिने शेजारी स्टूल ओढलं. जसं आकांक्षाने दाखवलं होतं तसंच तिने एक्स्टेंशन टाकलं. मग कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

"तुम्ही जी साइट पाह्यली, थे उघडा."

"कोणती साइट?"

"अहो, मी भांडायले नाई आली. उघडा."

मग एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्याने नाव टाइप केलं. पुरुषांच्या आरोग्यावरचं सल्ला केंद्र होतं. पांढऱ्या कोटातला हसरा डॉक्टर, खाली चौकट, 'तुमचा प्रश्न विचारा', आणि त्याखाली ठळक अक्षरांत, 'तुमची ओळख पूर्णपणे गोपनीय'. पान उघडता उघडता ढालीवरचा आकडा वाढू लागला. बातम्यांच्या पानावर नव्हता इतका वाढला. प्रेरणाने क्लिक करून नावं उघडली. जाहिरातवाल्या कंपन्यांची नावं सरकत सरकत पडद्याच्या खाली गेली.

"हे सगळे त्या खोलीत होते," ती म्हणाली, "जवा तुम्ही डॉक्टरले एकट्यात प्रश्न विचारून राह्यले होते."

तिने त्याला सगळं सांगितलं, खुणांचं, हिस्ट्रीचं, क्रिकेटच्या पानावर पाठोपाठ येणाऱ्या जाहिरातींचं. स्वप्निल ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"इथं तर गोपनीय लिहिलं आहे," तो म्हणाला. "मी नाव बी नाई टाकलं होतं. फक्त विचारलं, का नवीन काही इलाज निघाला का म्हणून. पेपरात वाचलं होतं काहीतरी. वाटलं, असन एखादा रस्ता." त्याने माउस बाजूला सरकवला. "मी पुसून टाकत होतो ना प्रत्येक वेळी."

एवढ्या वर्षांत त्याने हा विषय पुन्हा काढला नव्हता. ती समजत होती, त्याने सोडून दिलं. आणि तो इथे, गिऱ्हाईक नसलेल्या वेळात, लपून आशा शोधत बसला होता. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. मग सेटिंगमध्ये जाऊन जुन्या खुणा पुसल्या. तीच ती बातम्यांची साइट उघडून दाखवली. जाहिरातींच्या जागी काही नव्हतं.

स्वप्निलने मोठा श्वास सोडला. "सुटलो बावा," तो म्हणाला. "म्हणजे आता कोणालेच काही दिसणार नाई?"

"इथं नाई दिसणार."

"मंग झालं. दादाचं बी तोंड बंद होईन. त्याले तर मी त्याच दिवशी..." तो थांबला.

"त्याच दिवशी काय?"

"काही नाई."

"त्याच दिवशी काय सांगतलं तुम्ही भाऊजींना?"

स्वप्निलने खोक्यावरची चिकटपट्टी नखाने उचकटायला सुरुवात केली. "तो हसून राह्यला होता, कॉम्प्युटरवर हे कोण पाहते म्हणे, गिऱ्हाइकं उभी होती. मले वाटलं याले सगळं माहीत आहे, तू मोहिनीवहिनीले सांगतलं म्हणून. काहीतरी तर बोलणं भाग होतं. तोंडातून निघून गेलं."

"काय निघून गेलं?"

"का थे प्रेरणानं पाह्यलं म्हणून. दुकानात आली होती तवा. तिले मान्यच नाई का तिच्यात दोष आहे, म्हणून थे माह्या नावानं शोधून राह्यली." तो घाईने पुढे म्हणाला, "चार मानसांसमोर माह्या इज्जतीचा सवाल होता प्रेरणा. तुले तर तसंही लोक..."

ते वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. तिला ते पूर्ण ऐकू आलं. तिला तसंही लोक म्हणतातच.

आता सगळं जागेवर बसलं. मोहिनीने गिळलेलं वाक्य. तुळशीपाशी सासूबाई बोलल्या ते. कैलासने घरी सांगितलं, तिथून ते आनंदाबाईंच्या कानावर गेलं. गेला आठवडाभर घर तिच्याकडे अशा बाईसारखं बघत होतं, जी स्वतःची उणीव झाकायला नवऱ्याच्या पुरुषपणावर शंका घेत फिरते. आणि दुकानात हे बोलून तो तसाच घरी आला होता, कडी लावली होती आणि तिलाच विचारलं होतं, कोणाले सांगतलं तू.

"तुम्ही आधी माह्या नावावर ढकललं," ती हळू म्हणाली, "आणि मंग मलेच खोटी म्हणाले घरी येऊन."

"मले वाटलं तू सांगतलं म्हणून..."

"मले विचारून तरी पाह्यचं होतं. मी एवढी वर्षं कोणाकोणासमोर काय काय गिळलं, तुम्ही पाह्यलं आहे डोळ्यानं. आणि एका जाहिरातीवर तुमचा विश्वास बसला, माह्यावर नाई बसला."

"चुकलं ना. म्हणतो ना चुकलं म्हणून." त्याने पडद्याकडे बोट केलं. "आता हे लावून दिलं तू. आता कोणालेच कळणार नाई. विसर ना सगळं."

त्याच्या डोळ्यांत खरंच सुटका होती. त्याचा हिशेब मिटला होता. तिने ट्रॅकर अडवले, त्याचं गुपित पुन्हा झाकलं गेलं, आणि आता तिने घरी जाऊन पुन्हा तेच झाकण व्हायचं, हे त्याला इतकं साहजिक वाटत होतं की वेगळं काही सांगायची गरजही नव्हती.

"आईंना तुम्ही सांगा," ती म्हणाली. "जाहिराती कोणासाठी आल्या थे."

"आईले नाई सहन होणार."

"मले झालं."

"प्रेरणा, तू शब्द दिला होता."

"दिला होता," ती उठली. "मी नाई सांगणार कोणाले. पण आता मी खोटं बी नाई बोलणार. जो विचारन त्याले म्हणीन, स्वप्निलले विचारा."

ती शटरखालून वाकून बाहेर पडली. बोरगावला जाणारी ऑटो समोरच उभी होती. ती तिच्यात बसली नाही. स्टेशनवर गेली आणि सिंदीचं तिकीट काढलं.

सिंदी रेल्वे या गावात तिचं माहेर होतं. वडील रूपराव शेती करून कापसाचा थोडा व्यापार बघायचे. ती अचानक आलेली बघून आईने काही विचारलं नाही, फक्त अंघोळीला पाणी काढलं. प्रेरणानेही काही सांगितलं नाही. "थोडे दिवस इथूनच कॉलेजले जाते," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सासरची माणसं आली. अण्णाजी, आनंदाबाई आणि त्यांच्या मागे स्वप्निल. रूपरावांनी खुर्च्या टाकल्या, आईने चहा ठेवला. इकडच्या तिकडच्या गप्पा संपल्यावर आनंदाबाईंनी पदर सावरला.

"लेकीसारखी आहे म्हणून सांगते, रूपरावजी. घरातली गोष्ट घरात राह्यली पाह्यजे. हे दुकानात जाऊन कॉम्प्युटरवर काहीबाही पाहते, माह्या लेकाच्या नावानं. त्याच्यात दोष आहे म्हणून शोधते. गिऱ्हाइकांनी पाह्यलं थे. आमी कधी हिले मूल नाई म्हणून तोडून बोललो का? विचारा हिले."

रूपरावांनी लेकीकडे बघितलं. प्रेरणाच्या आईच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

"आई," प्रेरणा म्हणाली, "मी त्या कॉम्प्युटरले तवापर्यंत हात बी नाई लावला होता. कोणी पाह्यलं, काऊन पाह्यलं, हे तुम्ही यांना विचारा."

सगळ्यांच्या नजरा स्वप्निलकडे वळल्या. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये. पंखा फिरत होता. अण्णाजींनी एकदा घसा साफ केला. प्रेरणाला वाटलं, हा आताही म्हणेल की तिनेच पाहिलं. तिने स्वतःला त्यासाठी तयार केलं.

"मी पाह्यलं," स्वप्निल शेवटी म्हणाला. आवाज इतका बारीक की आनंदाबाईंनी "काय?" म्हणून विचारलं. "मी पाह्यलं आई. माह्यासाठी. दोष माह्यात आहे. हिच्यात काहीच नाई. नागपूरच्या डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं. मीच हिले म्हटलं, कोणाले सांगू नको."

आनंदाबाईंनी लेकाकडे बघितलं, मग सुनेकडे, मग पुन्हा लेकाकडे. "म्हणजे मी हिले जे जे..." एवढं म्हणून त्यांनी तोंडावर पदर धरला. अण्णाजी उठले आणि चपला न घालता ओसरीवर जाऊन उभे राहिले.

प्रेरणाने हा क्षण मनात कितीदा बघितला होता. तिला वाटायचं, खरं एकदा बाहेर आलं की छातीवरचा धोंडा उतरेल. तसं काही झालं नाही. खुर्चीत बसलेला तो खांदे पाडलेला माणूस बघून तिला वाईटही वाटलं आणि त्याच वेळी हेही कळलं की तिच्या मनातून तो उतरला आहे. सल्ला केंद्राच्या पानाने त्याला फसवलं, ते परक्यांनी केलं. तिला फसवणारा मात्र घरचाच होता.

आनंदाबाई निघताना तिच्याजवळ आल्या. "चाल बाई घरी," त्या म्हणाल्या. आठवडाभर धरलेला ताठा पार गेला होता.

"आज नाई, आई," प्रेरणा म्हणाली. "तुमच्यावर राग नाई माहा. पण आज नाई."

गाडी गेल्यावर ती घरात आली तर तिची आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली होती. चहाचे कप तसेच पडले होते.

"एवढी वर्षं," आई म्हणाली. "मी तुह्यासाठी कोणत्या देवापुढं डोकं नाई टेकवलं? लोकं विचारत, तुमच्या पोरीत काय कमी आहे? मी खाली मान घालून ऐकलं. आणि तुले माहीत होतं, तुह्यात काहीच नाई." तिने लेकीकडे बघितलं. "मायले बी नाई सांगतलं तू?"

शब्द दिला होता, असं सांगता आलं असतं. ते तिच्या तोंडून निघेना. ती आईशेजारी उंबऱ्यावर बसली. आईने तिला जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. मग मायलेकी उठून कप विसळू लागल्या.

त्यानंतर प्रेरणा सिंदीहून सकाळच्या गाडीने वर्ध्याला जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात स्वप्निलने फोन केले, तिने उचलले नाहीत. मग एका सकाळी तो वर्ध्याच्या फलाटावर पुलाच्या पायथ्याशी उभा दिसला. काही न बोलता तो तिच्या बरोबरीने चालत बाहेर ऑटोपर्यंत आला आणि परत गेला. दुसऱ्या दिवशीही आला. तिने त्याला येऊ नका म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही.

एके दिवशी गर्दीतून वाट काढताना तो म्हणाला, "काल दादाले सांगतलं मी. दुकानात."

"काय सांगतलं?"

"खरं काय थे. तवा जे लोक होते, त्यातले दोघं काल बी होते. त्यांच्यासमोरच सांगतलं."

ती थांबली. त्याच्याकडे नीट बघितलं. तो वाळला होता, दाढी वाढली होती. एकेकाळी एवढ्यावर तिचं मन भरून आलं असतं. आता ती आतल्या आत चाचपून बघत होती, काही हलतंय का, आणि तिला ठामपणे हो म्हणता येत नव्हतं की नाही म्हणता येत नव्हतं.

"बरं केलं," ती म्हणाली.

"घरी कवा येशीन?"

"मले माहीत नाई," तिने खरं ते सांगितलं. "मले आता तुमचं बोलणं ऐकलं का पह्यले वाटते, हे खरं असन का? हे कधी जाईन, जाईन का नाई, माहीत नाई."

मागची माणसं त्यांना ढकलून पुढे जात होती. स्वप्निलने मान हलवली. "उद्या येऊ का मी?" त्याने विचारलं.

प्रेरणाने पर्स खांद्यावर नीट घेतली. "स्टेशन सगळ्यांचंच आहे," असं म्हणून ती ऑटोत बसली. ऑटोवाल्याने कुठे म्हणून विचारलं. तिने कॉलेजचं नाव सांगितलं.